सेकंड

अक्कलकोट रोडवरच्या कारखान्यात
अम्मा टॉवेल तपासायची.
ट्यूबलाइटखाली ताणून धरायची एकेक.
सुटलेला धागा, तेलाचा डाग, वाकडी किनार…
बोट थांबलं की म्हणायची, "सेकंड."
उजवीकडचा ढीग फ्रेश, डावीकडचा सेकंड.
इंग्रजी तिला एवढंच यायचं,
ओव्हरटाइम धरला तर तीन शब्द.

आमच्या घरात सगळं डावीकडचं.
चादरीवरचा मोर एका डोळ्याचा.
डब्याच्या नॅपकिनवर कुठल्याशा हॉटेलचं नाव,
त्यातलं एक अक्षर गळालेलं.
दहावीला मला सेकंड क्लास मिळाला तेव्हा
राजमणी गुंटूक, चेकर, हजेरी नंबर एकेचाळीस,
गुणपत्रिका उजेडाकडे धरून म्हणाली,
"डाग तर कुठं दिसंना."

आता मी इंग्रजी शिकवते, दयानंद नगरच्या पुढं, पत्र्याच्या क्लासात.
एका दुपारी जाड कोश काढून
हा शब्द उलटा करून पाहिला,
कापडाची मागची बाजू बघावी तसा.

इंग्रजांकडे आधी तो नव्हताच.
पहिल्यानंतरच्याला ते 'अदर' म्हणायचे,
म्हणजे आपला दुसराच की:
रांगेतलाही दुसरा, आणि परकाही दुसराच.
मग फ्रेंचांकडून हा उसना आणला,
त्यांनी तो लॅटिनकडून घेतलेला.
अर्थ, मागोमाग येणारा.
तासाचे तुकडे केले, मग तुकड्यांचे तुकडे.
दुसऱ्यांदा कापलं, म्हणून घड्याळातला तो सेकंड.
मालाला हे नाव मागाहून लागलं, बाजारात.

आणि तळाशी, बारीक टायपात, आणखी एक:
जुने रोमन हाच शब्द वाऱ्याला लावायचे.
पाठीमागून येतो, शीड भरतो,
तो वारा.
अनुकूल.

संध्याकाळी तिला सांगितलं.
सोलापुरात कसला समुद्र आणि कसलं शीड,
दोन ओळींत आटपलं.
गच्चीवर ती वाळलेले टॉवेल काढत होती,
तोंडात एक चिमटा.
चिमटा काढून म्हणाली,
"आणि फ्रेशचं काय लिहिलंय?"
"नाही बघितलं अजून."
"बघ की मग."

मग सवयीनं एक टॉवेल
उरल्यासुरल्या उजेडाकडे ताणून धरला.
अंगठा फिरत गेला काठावरून.
एका जागी थांबला.

काही बोलली नाही.
घडी घातली, आणि उजवीकडे ठेवला.