आडवा जोर

ससून डॉकच्या धक्क्यावर पहाटे चारला
मी बर्फ भरडायच्या मशीनवर असतो.
वरून लादी, आत दात,
आणि धक्क्याच्या कडेला, आडव्या तोंडातून
चुऱ्याची पांढरी धार.

धार सरळ निघते. अगदी सरळ,
जशी काही समोर करंजाला जाऊनच थांबणार.
हातभर गेल्यावर तिला आठवतं
की खाली पाणी आहे.

हेच वाक्य मी रात्रशाळेत लिहिलं होतं.
सुखटणकर सरांनी तांबडी रेघ ओढली.
"आठवतबिठवत नाही. तोंडातून सुटली
तेव्हापासूनच पडतेय.
तुला उशिरा दिसलं, एवढंच."

मग टेबलाच्या कडेला दोन गोट्या.
पट्टीचा फटका दिला,
एक उडाली, दुसरी तिथल्या तिथे सुटली.
एक खिडकीखाली जाऊन पडली,
एक सरांच्या चपलेपाशी.
आवाज एकच आला.
टक्.
शेजारचा विन्सी म्हणाला, सर फसवतायत.
मग सगळ्या वर्गानं डोळे मिटून पुन्हा ऐकलं.
टक्.

धक्क्यावर मात्र टेबलाची उंची रोज वेगळी.
उधाणाच्या भरतीला होडी वर येते,
धार भिंतीलगतच सांडते.
सुकतीला होडी चौपट खोल जाते
तरी धार दुप्पटच लांब.
मशीनचा जोर तोच, मग चौपट का नाही?
वहीची दोन पानं गेली,
शेवटी वर्गमूळ हाती लागलं.
पोशा नाखवा खालून नुसता ओरडतो,
"आज आठम हाय, भांगाचं पानी! दोर अर्धा वाव सोर!"
आणि बर्फ बरोबर त्याच्या खणात.

विन्सी मस्कतला गेला.
त्याला पट्टीचा फटका बसला, चांगला सणसणीत.
मी कडेवरून नुसता सुटलो, असं आमची आई म्हणायची,
गोट्यांचं तिला काहीच माहीत नसताना.
बावीस वर्षं मला वाटत होतं
की तो अजून वरच आहे.

परवा आला धक्क्यावर, खजुराचा डबा घेऊन.
डब्यावरची तारीख वाचायला
त्यानं खिशातून चष्मा काढला.
मीही काढला.
दोघांचाही नंबर दोन.
त्याचा गुडघा डावा, माझा उजवा.
डोक्यावरचं मात्र त्याचं जास्त गेलंय,
ते मी मोजलं, खोटं कशाला बोलू.

चहा गार होईपर्यंत आम्ही धारेकडे बघत बसलो.
त्यानं मध्येच डोळे मिटले.
मला कळलं तो काय ऐकतोय,
पण मशीन चालू होतं,
काहीच ऐकू येण्यासारखं नव्हतं.

खालून नाखवा ओरडला, पानी सुकतंय.
मी उठलो,
खुंटीवरचा दोर
थोडा सोडला.