कर्णावरची घरं

नवी पेठेत शिवशरण शेठच्या दुकानी
मी रॅकेटींना गटिंग करतो.
बावीस उभे, एकवीस आडवे,
ताण गिऱ्हाईक सांगेल तितका.

वैशाखात, दुपारी तीनला, शटर अर्धं खाली,
पंखा तीच गरम हवा इकडून तिकडं ढकलत होता,
तेव्हा वाकून आत आले नागनाथ यन्नम,
मागं सुगुणा, नववीतली,
पिशवीत तार तुटलेली रॅकेट.

शेठनं भिंतीवरच्या बारा उतरवल्या,
गादीवर मांडल्या.
"सगळ्या चांगल्या हायत."
"कशापेक्षा?" पोरीनं विचारलं.
शेठनं चष्मा कपाळावर नेला.

मग ती बसली मांडी घालून.
पहिलीला अकराजणींशी ताडायचं.
दुसरी पहिलीला भेटलेली, तिला उरल्या दहा.
तिसरीला नऊ.
असं उतरत उतरत बारावीपाशी आली तर
बारावीला कुठं जायचंच नाही,
मांडवातल्या थोरल्या आत्याबाईसारखी
बसल्या जागी सगळे येऊन भेटून गेलेले.
अकरा अधिक दहा अधिक नऊ,
बोटांची पेरं संपली, परत सुरू झाली.
सहासष्ट.

"सहासष्ट वेळा हात हलवणार व्हय गं?
संध्याकाळ हुईल की."

नागनाथ चादरीच्या कारखान्यात नक्षीची कार्डं पंच करतात.
खिशातून चौकटीचा कागद काढला,
बारा घरं आडवी, बारा उभी, एकशे चव्वेचाळीस.
कोपऱ्यातून कोपऱ्यात बॉलपेन तिरकं उतरलं,
बारा घरं काळी.
"आपली आपल्याशी काय तुलना."
मग तळवा आडवा धरून खालचं अर्धं झाकलं.
"हा वरचा मोर. खाली तोच, उलटा.
एकाचीच कार्डं पाडायची. अंते."
उघड्या राहिलेल्या भागात घरं
मी लांबून मोजली. सहासष्टच.

शेठचं डोकं वेगळं चालतं.
"जिंकलेली हातात, हरलेली भिंतीवर.
अकरा झुंजी, काम खलास."
आणि माळ्यावरून तेरावी आणून ठेवली वर,
म्हणजे पोरीच्या हिशोबात आणखी बारा.

झुंजी लागल्या.
पिवळी निळीपेक्षा हलकी, म्हणून बरी.
निळी काळीपेक्षा मुठीत बसते, म्हणून बरी.
काळीचा फटका पिवळीपेक्षा करकरीत, म्हणून काळी बरी.
पोर तिघींकडं बघत राहिली.
"मग जिंकलं कोण?"
"निळी," शेठ म्हणाले. "साडेतीनशेनं कमी हाय."

नागनाथनी निळीची चिठ्ठी वाचली,
मग उलटी करून पाहिली,
पाठीमागं तरी काही वेगळं लिहिलंय का.

कुणी काही बोललं नाही.
सुगुणानं पिशवीतली काढून तेरांच्या शेजारी ठेवली,
मुठीचं कापड काळवंडलेलं, फ्रेमवर दोन टवके.
"हिला धरलं तर?"
"एक्क्याण्णव," मी मान वर न करता म्हणालो,
आणि रॅकेट ओढून घेतली.

उभ्या तारा ताणून झाल्यावर
आडवी एकीखालून, दुसरीवरून,
हे मला कुणी शिकवायला लागलं नाही,
सोलापुरात जन्मल्यावर एवढं येतंच.
कागदावर चारशे बासष्ट भेटी.
पण फ्रेम गोल. टोकाच्या उभ्या
टोकाच्या आडव्यांना कधी गाठतच नाहीत.
किती चुकतात ते वीस वर्षांत मी मोजलेलं नाही.

सातला दोघं आली.
पोरीनं तळव्यावर जाळी आपटली,
कानाशी नेली, तार छेडली.
"चांगली झाली."
मला राहवेना. "कशापेक्षा?"
"हिच्यापेक्षाच," म्हणाली,
आणि शटरखालून वाकून बापाच्या मागं गेली.

कागद विसरून राहिला,
तो मी काचेखाली सरकवला,
पावतीपुस्तकाच्या बाजूला.
परवा एक काळं घर
खोडरबरानं पांढरं करायला गेलो. बॉलपेन निघत नाही.
आणि निघालं असतं तरी
तिच्या रॅकेटचं घर त्यावर नाहीच,
कागद बाराचा.