एकास एकशेवीस

आमचं माप म्हणजे मधलं भावंड.
थोरल्याचे डबे आमच्या रुळांवर बसत नाहीत,
धाकट्याचे लाड आमच्या वाट्याला आले नाहीत.
रुळांमध्ये अंतर बारा मिलिमीटर,
माणूस दीड सेंटिमीटरचा, टोपीसकट.
बाउट्झनमध्ये तेव्हा घरंच लहान होती.
जेवणाचं टेबल आवरलं की तिथेच स्टेशन मांडायचं,
आणि आई सूप घेऊन आली की
सगळ्या गाड्या रद्द.

वडिलांनंतर दुकान मी चालवतो.
वीलांड नोआक, वय सदुसष्ट.
दाराला घंटी आहे. वाजते कधीमधी.
बहुतेकदा वाराच असतो.

मग तिल्मान आला.
रात्री बेकरीत पाव भाजतो, दिवसा तळघरात
कॅमेरा रुळांच्या पातळीवर आडवा ठेवतो
आणि बोटाएवढं इंजिन
डोंगरासारखं अंगावर आणतो.
“चाळीस हजार लोकांनी पाहिलं, हेर नोआक!”
मी गल्ला उघडून दाखवला.

चाळीस हजारांतले तिघे आले त्या महिन्यात.
एकानं शौचालय कुठे ते विचारलं.
एकानं दुकानाचा फोटो काढला, माझ्यासकट,
जसा मीही काचेच्या कपाटातला जुना माल.
तिसरा किंमत बघून म्हणाला,
थोरल्या मापात स्वस्त मिळतं,
आणि जाताना दार हळूच लावलं.
ते हळूच लावणं जास्त लागलं.

मी म्हणालो, पोरा,
पावाच्या वासानं पोट भरत नाही.
तो म्हणाला, बेकरीत बारा तास काढून बघा.
आधी वासच जातो रस्त्यावर,
गिऱ्हाईक मागाहून येतं.

नोव्हेंबरात त्यानं वडिलांची तांबडी रेलबस मागितली,
खिडक्यांखाली साईच्या रंगाची रेघ असलेली.
दिली. का दिली, ठाऊक नाही.
पुलाच्या अलीकडे, सांध्यावर, ती अडली.
व्हिडिओत त्याचा अंगठा आभाळातून उतरतो,
नखाखाली पीठ,
गाडीला हलकेच पुढे ढकलतो.
एवढं तरी काप, मी म्हणालो.
त्यानं कापलं नाही.

जानेवारीत घंटी वाजली. वारा नव्हता.
एडेलट्राउट हानुश, ऐंशीच्या पुढची,
काठीच्या टोकाला बर्फ.
नातवानं फोनवर दाखवलं म्हणाली.
“अंगठा येतो ना, तिथे. तिसरी खिडकी.
रेघ खाली ओघळलीय.”
मी भिंग काढलं.
ओघळली होती.
पन्नास वर्षं पुसून पुसून ठेवलेली गाडी,
मला कधी दिसली नव्हती.

“शिंक आली होती मला.
टाकाऊच्या पेटीत जायची ती.
पण तपासनीस जेवायला गेलेला,
आणि मी आपली सरकवली पुढे.
दिवसाला दोनशे खिडक्या रंगवायचो आम्ही बायका.
नाव कुठेच नाही. तेवढी एक शिंक आहे.”

तिला खुर्ची हवी होती,
आणि चहा, दोन चमचे साखरेचा.

मग मापाचं भलं झालं का?
क्लबच्या बैठकीत दरवर्षी हाच प्रश्न, हात वर करून.
डेटलेफ म्हणतो, ही पोरं नसती तर
नवं तोंड दिसलं नसतं इथे.
हार्टविग म्हणतो, कंपनी फुकट इंजिनं देते,
पोरं गोड बोलतात, फुकटचा मध कुणाला कडू?
दोघांचंही मला पटतं,
आणि दोघांनीही गेल्या वर्षात
माझ्याकडून एक स्क्रूसुद्धा घेतलेला नाही.

माझ्या वहीत त्या आठवड्याची नोंद अशी आहे:
सरळ रूळ, अकरा.
मेंढ्या, एक पाकीट.

मेंढ्या तिनंच घेतल्या, कोट चढवता चढवता.
“पुलापलीकडचं कुरण फार उघडं दिसतं हो,
त्या पोराला द्या.
आणि सांगा,
नखं घासत जा म्हणावं.”