पॅरा

गळ्यातल्या बिल्ल्यावर माझं नाव चुकलंय,
पहिल्या वर्षापासून.
खालचा हुद्दा मात्र बरोबर: पॅरा.

मिरजेहून दादा विचारतो फोनवर,
पॅरा म्हणजे? पॅरेग्राफ?
म्हटलं, टीचर नव्हे रे. टीचरच्या वर्गात
एका मुलाशेजारी बसते मी.
एम.एस्सी. करून? म्हणाला.
मग आम्ही द्राक्षांच्या भावावर बोललो.

मुलाचं नाव मालाकाई. वय सात.
आजी सामोआची, बाप बंदरावर क्रेन चालवतो.
मालाकाई बोलत नाही,
म्हणजे वैखरी नाही त्याच्याकडे.
बाकीच्या तिन्ही असाव्यात.
लहानपणी पाठ होतं आम्हाला,
परा सगळ्यांत खोल, बेंबीपाशी,
जिथे शब्द अजून फुटायचाय.
टॅकोमाच्या शाळाखात्याला काय कल्पना,
ताशी बावीस डॉलरांत
त्यांनी मला कुठे नेऊन बसवलंय.

त्याची एक वही आहे, वेल्क्रोची.
चित्र उपटायचं, समोरच्याच्या हातात द्यायचं.
पाणी. शू. झोका. पुरे.
'पुरे' सगळ्यांत मळलेलं.

मी बुटांचे बंद बांधते, नाक पुसते,
पेन्सिल तीन बोटांत बसवते
आणि हात काढून घेते.
नियमातच आहे तसं: मदत हळूहळू कमी करत न्यावी.
डाव्या मनगटावर दातांची चंद्रकोर आहे, ऑक्टोबरची.
तिचा तीनपानी फॉर्म भरला.
कारणाच्या रकान्यात लिहिलं, फायर ड्रिल.
भोंगा वाजला तेव्हा त्याच्याआधी मी दचकले होते,
ते नाही लिहिलं.

त्या दिवशी मैदानात, ओल्या गवतावर,
चारशे मुलांच्या रांगांमागे
त्याचे कान तळव्यांत दाबून धरले मी
आणि तोंडातून निघालं ते मराठीच निघालं:
झालं, झालं, झालं रे राजा, झालं.
खाडीवरून ओहोटीचा वास येत होता.
डोंगर ढगात, नेहमीसारखा.

फेब्रुवारीत त्याच्याबद्दल मीटिंग झाली.
आई, बाप, मिसेस लिंडक्विस्ट, मानसशास्त्रज्ञ,
आणि वाचातज्ज्ञ बाई, आलेख घेऊन.
पॅराला बोलवत नाहीत, तिचे तास मोजलेले असतात.
मी बाहेर त्याच्यासोबत, बुटक्या खुर्चीवर,
गुडघे हनुवटीशी.
दार अर्धं उघडं होतं.
ऐकू आलं: अलीकडे एक ध्वनी वारंवार आढळतो.
कोट चढवल्यावर. ताट रिकामं झाल्यावर.
झोका थांबल्यावर.
ध्वनी, 'जाला'. अर्थ, नाही.

मालाकाई माझ्या बिल्ल्याची दोरी
बोटाला गुंडाळत होता, सोडत होता.
मी उठले. बसले.
खोटं कशाला बोलू, आधी हसू फुटलं,
मग वाटलं, राहू दे थोडे दिवस असंच.
घरी लेक इंग्रजीतच उत्तर देते.
या गावात माझ्याशी आपणहून मराठी बोलणारा
हा एकच माणूस.

सोमवारी सांगून टाकलं.
दुसऱ्याच्या मुलाचा शब्द
असा पदराखाली ठेवता येत नाही.
वाचातज्ज्ञ बाई चांगली आहे,
खुर्ची ओढून बसली, पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं.
झाडातला झ नव्हे हो, झेंड्यातला, असं सांगणार होते,
पण तिला कुठलं झाड आणि कुठला झेंडा.
तिला काही तो जमेना.
त्याला जमतो.

आता वहीत नवीन कार्ड हवंय.
चित्र काय काढायचं यावर अडलंय सगळं.
रिकामं ताट? थांबलेला झोका?
तोवर कोऱ्या चौकोनावर मी
मार्करने देवनागरीत लिहून ठेवलंय.
तीन दहाला पिवळी बस आली की
तो ते उपटून माझ्या हातात देतो.
कधी कधी
सकाळी नऊलाच.