अर्धी मात्रा

एक्केचाळीस वर्षं हिल्केबाईंनी
गाव पाहिलं ते ऑर्गनवरच्या आरशात.
वहीएवढा आरसा, कोपऱ्याला पारा उडालेला.
नवरी डावीकडून यायची,
शवपेटी उजवीकडून जायची.
खरं तर उलटं.

हात गुंतलेले, पायही.
पातळ तळव्यांचे बूट वेगळे, पिशवीत.
हिवाळ्यात बांधापलीकडच्या समुद्राची ओल चढली
की खालची एक पट्टी रुसून बसायची,
ती त्या नखानं उचलायच्या,
सूर न तोडता.

कॉयरमध्ये सीत्से मासेवाला. खर्जातला.
कायम अर्धी मात्रा मागे.
आधी त्या चिडल्या, आरशातून भुवई उचलली,
पुढे कधीतरी
त्या जागी आम्हा सगळ्यांनाच
श्वास घ्यायला सांगू लागल्या.

सीत्सेला पोचवलं त्यालाही सहा हिवाळे झाले.
शहरातून आलेला नवा मुलगा परवा
वाजवता वाजवता अडखळला. म्हणाला,
इथे का थांबता?
कागदावर तर काहीच नाही.

तिसऱ्या बाकावर, हातमोज्यांत बोटं,
पहिल्यांदाच सुलट्या गावात बसलेल्या हिल्केबाई
काही बोलल्या नाहीत.

तेवीस होतो, नऊ उरलो.
त्या जागी अजून श्वास घेतो,
आणि मागून कुणीतरी
येऊन पोचतं.