निजानीज

तार्तू शहरात, वाटाण्याच्या गल्लीत,
लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर
उर्वेचा संगणक तीन रात्री झोपलेला नाही.

शुक्रवारी तिने त्यावर नवी आवृत्ती चढवली.
प्रणालीचं नाव ‘कोइत’, त्यांच्या भाषेत पहाट.
अजून कच्चीच. जगात तीनेकशे माणसं वापरत असतील,
त्यातली निम्मी ती दुरुस्त करायलाच.
सगळं चाललं. अक्षरं देखणी झाली,
दोन वर्षं मुका असलेला स्पीकरसुद्धा बोलला.
फक्त ‘बंद करा’ म्हटलं
की पडद्यावर येतं : बंद होत आहे.
आणि होतच राहतं.

पंखा घुमतो. दिवा हिरवा.
खालचा हेल्दुर, रेल्वेच्या सिग्नलवर चाळीस वर्षं काढलेला,
जिन्यात विचारतो, रात्रभर काय दळतेस गं?

नोंदी उघडाव्यात, तर शेवटचं पान कोरं.
असणारच. निरवानिरवीत
आधी वही मिटते, मग लिहिणारा हात,
त्यानंतरचं कोण लिहून ठेवणार?

म्हणून तिने माळ्यावरचा जुना लॅपटॉप काढला,
जाड करड्या केबलने दोघांना जोडलं :
एकाने जायचं,
दुसऱ्याने उशाशी बसून तो काय पुटपुटतो ते टिपायचं.

नेटवर्क गेलं.
प्रिंटर गेला, जो मुळात नव्हताच.
आवाज गेला, टक् करून.
डिस्क म्हणाली, पाच सेकंद द्या, आवरते.
दिले.

उर्वेने काळा पाव कापला, त्यावर लोणी, त्यावर खारवलेला मासा.
खाऊन झालं. ताटली धुऊन झाली.
डिस्कचे पाच सेकंद काही संपेनात.

पहाटे तीनला ती एकटीच हसली.
आवराआवरीची यादी कुणीतरी नीटनेटकी केली होती,
कुणीतरी कसलं, मार्चमध्ये तिनेच,
एका कंटाळवाण्या रविवारी,
वर्णानुक्रमे.
आणि त्यांच्या लिपीत काय, आपल्या लिपीत काय,
घड्याळ डिस्कच्या आधीच येतं.
घड्याळ कधीच घरी गेलेलं,
डिस्क अंधारात उभी,
थांबलेल्या काट्याला विचारते आहे :
झाले का पाच?

दोन ओळींची अदलाबदल.
बाकी काही नाही. तीन रात्री, दोन ओळी.
बंद करा.

पंख्याचा सूर उतरला, घरंगळला, थांबला.
हिरवा दिवा गेला.
खोलीत इतकी शांतता की तिला आपलेच कान ऐकू आले.
मग दुरुस्ती पाठवायची म्हणून
तिने तो परत चालू केला,
आणि खात्री म्हणून बंद. आणि चालू. आणि बंद.

दारावर टकटक. हेल्दुर, लोकरी मोज्यांत.
“आवाज थांबला,” तो म्हणाला, “म्हटलं बघून यावं.”
आत आला. विटांच्या शेगडीवर हात ठेवला
आणि तसाच ठेवून तिच्याकडे पाहत राहिला.
पहिल्या हिवाळ्यात त्यानेच शिकवलं होतं :
निळी ज्योत आहे तोवर धुराड्याची झडप लावू नकोस,
माणूस झोपेतच जातो;
निखारे काळवंडले की मात्र लाव, लगेच.

झडप उघडी होती.
आठ ओंडक्यांची ऊब
केव्हाच छपरावरून नदीकडे निघून गेली होती.

“कोट घाल,” हेल्दुर म्हणाला,
आणि खाली लाकडं आणायला गेला.