आत्याचं काम

पाळणा गाडीत आधीच भरलेला होता,
फोन आला तेव्हा उतरवायला थांबले नाही.
स्वान्सी ते हडर्सफील्ड, जवळजवळ पाच तास,
वळणावळणाला मागून त्याच्या साखळ्या वाजत होत्या.
पोचल्यावर वर चादर टाकली. कुलूप लावलं.

चारच दिवस.
सटवाई यायची पाचव्या रात्री.
म्हणजे तिने काही लिहिलंच नव्हतं.
मग हे कुणी लिहिलं?

केतकीला दूध येतंय.
कोबीची पानं गार करून ठेवा, लॉरेन म्हणाली, इथली सुईण,
म्हणून फ्रीजमध्ये डिंकाच्या लाडवांशेजारी कोबी.
फोन माझ्याकडे.
"अजून वय आहे" म्हणणाऱ्यांना सांगते, झोपलीय ती.
ती समोरच बसलेली असते, टक्क जागी,
आणि माझं खोटं ऐकून
पाय जरा पोटाशी घेते.

मंगळवारी हेरंबला घेऊन नोंदणीच्या ऑफिसात.
टेबल एक, बाई एक, कागद दोन.
आधी जन्माचा, मग दुसरा.
नाव?
हेरंबने माझ्याकडे पाहिलं.
ठरलं होतं नाव. बाराव्या दिवसापर्यंत उच्चारायचं नाही,
हे माझंच म्हणणं. आत्याचा मान.
(बारावा दोन्हींचा असतो, हे तेव्हा सुचलं नव्हतं.)
म्हणून ती चार दिवस नुसती बाळ होती,
मनगटावरच्या पट्टीवर बेबी सामंत.
बकुळ, मी म्हणाले.
बाईने एकेक अक्षर विचारून घेतलं.
ळ त्यांच्याकडे नाही. ल वर भागवलं.

दुपारी हॉस्पिटलातली ती खोली,
जिथल्या पाळण्याला वायर असते आणि तो गार राहतो.
हवा तेवढा वेळ घ्या, म्हणून लॉरेनने दार ओढून घेतलं.
टोपडं मी विणलेलं, मोठंच झालं होतं.
केतकीने ते कानावरून सरकवलं.
बोलली काही नाही. नुसतं सरकवलं.

मी वाकले.
कुर्रर्र.
बकुळ. ळ नीट लावून.

यानंतर आत्याच्या पाठीत धपाटे पडायचे असतात,
बारशाला बायका हसत हसत घालतात.
कुणी हललं नाही. वायरची घरघर तेवढी.
मग एक बुक्की बसली, अगदी हलकी.
दुसरी जरा जोरात.
मग केतकी मारतच राहिली, दोन्ही हातांनी,
हेरंब पुढे आला, त्याला मी हातानेच थांबवलं

आणि वाकलेलीच राहिले.